उष्णता जमिनीत सोडताना : प्रस्तावना

एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. खोलीत जाणवणारा थंडावा हे या स्थलांतराचे फळ. त्यामुळे वातानुकूलनाचा विचार करताना यंत्र किती टनांचे आणि किती तारे मिळवलेले, हे प्रश्न नंतरचे आहेत. उचललेली उष्णता आपण टाकणार कुठे, हे आधी विचारायला हवे. आजवर जवळपास सगळीकडे याचे एकच उत्तर दिले गेले, ते म्हणजे बाहेरच्या हवेत. इमारतींच्या भिंतींवर टांगलेल्या आउटडोअर युनिटांच्या रांगा हेच उत्तर देत उभ्या आहेत.

हे उत्तर सोयीचे आहे, पण महाग आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. थंडाव्याची गरज तेव्हा सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच दुपारी बाहेरची हवा उष्णता स्वीकारायला सर्वांत नाखूश असते. कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, वीज जास्त लागते, आणि बाहेर फेकलेल्या झळा रस्त्यावरच्या माणसाला व शेजारच्या खिडकीला सोसाव्या लागतात. त्याच दुपारी, त्याच आवारात, पायाखाली पंधरा मीटरवर जमिनीचे तापमान २७ ते २९ अंशांच्या दरम्यान असते. ते डिसेंबरातही तेवढेच असते. उष्णता टाकायला ही जागा हवेपेक्षा बरी नाही का, या प्रश्नातून जमिनीशी जोडलेल्या हीट पंपाचा, म्हणजे उष्णता इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्राचा, विषय सुरू होतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे, पण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशापुरता.

हा विषय आज हाती घेण्याला कारण आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार इमारतींमधले एसी आणि पंखे मिळून जगातली सुमारे दहा टक्के वीज वापरतात, आणि त्या वेळी जगात असलेल्या सुमारे १.६ अब्ज एसींची संख्या २०५० पर्यंत ५.६ अब्जांवर जाण्याचा अंदाज आहे. या वाढीत भारताचा वाटा फार मोठा असणार. भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ जाहीर केला. थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २०३७-३८ पर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी कमी करणे हे त्यातले एक उद्दिष्ट आहे. उन्हाळ्यात थंडावा मिळणे ही आता चैन राहिलेली नाही. प्रसूतिगृहातले बाळ, अतिदक्षता विभागातला रुग्ण, लशींचा साठा आणि पत्र्याच्या छताखाली शिकणारी मुले यांच्यासाठी तो आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून तो कमी विजेत आणि कमी पाण्यात कसा मिळेल, याचा शोध घेणे आपले कर्तव्य आहे.

जमिनीच्या पोटात हवामान वेगळे असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. धान्याची पेवे, वाड्यांची तळघरे, पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा यांच्या रचनेत ही समज दिसते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातली, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. तिच्यात विहिरीलाच जोडून बसण्याउठण्याचा दगडी महाल आहे. उन्हाळ्यात त्या महालात मिळणाऱ्या गारव्यामागे सावली आहे, पाण्याचे बाष्पीभवन आहे आणि भोवतालच्या जमिनीचे स्थिर तापमानही आहे.

या स्थिरतेचे गणित सोपे आहे. पृष्ठभागावरची उष्णता जमिनीत लाटेसारखी उतरते आणि उतरताना क्षीण होत जाते. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक अर्ध्या मीटरच्या आसपास जवळपास संपतो. उन्हाळा-हिवाळ्याची लाट जास्त खोल जाते, पण पाच मीटरवर ती सुमारे तीन महिने उशिरा पोचते. म्हणजे मे महिन्यातली झळ तिथे ऑगस्टमध्ये, तीही बरीच मंदावलेली जाणवते. दहा-पंधरा मीटरच्या खाली वर्षभर एकच तापमान राहते आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास किंवा एखाद-दोन अंश वर असते. त्याहून खोल गेल्यास पृथ्वीच्या अंतर्भागातल्या उष्णतेमुळे दर शंभर मीटरला साधारण अडीच-तीन अंशांची वाढ होते.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर इथली गरम पाण्याची कुंडे हा भूऔष्णिक ऊर्जेचा वेगळा प्रकार आहे. तिथे जमीन उष्णता देते. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्यात जमिनीने उष्णता घ्यायची आहे. त्यासाठी कुंडाची गरज नाही. उलट, असे उष्ण क्षेत्र टाळलेलेच बरे.

या कल्पनेचा इतिहास वाचताना एक गोष्ट सुखद धक्का देऊन जाते. उष्ण कटिबंधाचा विचार या तंत्राच्या जन्मापासूनच त्याच्याशी जोडलेला आहे. स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८५० च्या सुमारास उष्ण देशांतल्या खोल्यांची हवा थंड करण्याची पद्धत मांडली होती. पाठोपाठ १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हवेच्या प्रवाहांनी इमारती गरम किंवा थंड करण्याच्या काटकसरीवर निबंध लिहिला. आजच्या हीट पंपाचे तत्त्व त्यात आहे. जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाचे पेटंट स्वित्झर्लंडच्या हाइनरिश झोली यांनी १९१२ मध्ये मिळवले. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या, आता कॉमनवेल्थ बिल्डिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत १९४८ साली विहिरीच्या पाण्यावर चालणारी हीट पंप यंत्रणा बसवली गेली. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर स्वीडन आणि अमेरिकेत बंद नळ्यांच्या जाळ्यांवर पद्धतशीर काम झाले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर एस्किल्सन यांनी १९८७ मध्ये अनेक बोअर एकमेकांशेजारी असताना वर्षानुवर्षे जमिनीचे तापमान कसे बदलते, याचे गणित बसवले. आजही अशा यंत्रणांच्या आखणीचे बहुतेक संगणक कार्यक्रम त्या पायावर उभे आहेत.

पण या जवळपास पावणेदोनशे वर्षांत तंत्र वाढले ते थंड देशांत. तिथली मुख्य गरज घर गरम करण्याची. त्यामुळे आपल्यापर्यंत येणारी माहितीपत्रके, आकडे आणि ठोकताळे त्या देशांचे असतात आणि ते जसेच्या तसे इथे लावले की फसगत होते. हे पुस्तक लिहिण्यामागचे मुख्य कारण हेच.

यंत्रणेची मूळ रचना अवघड नाही. आवारात शंभर ते दीडशे मीटर खोल बोअर मारायचे. प्रत्येकात तळाशी वळवलेली, जाऊन-येऊन अशी एचडीपीई पाइपची जोडी सोडायची. भोवतालची पोकळी बेंटोनाइट मातीच्या मिश्रणाने भरून काढायची. पाइपमधून पाणी फिरत राहते. ते इमारतीतल्या हीट पंपाकडून उष्णता घेते, जमिनीत उतरते, ती उष्णता खडकाला देते आणि थंड होऊन परत येते. पाणी बंद पाइपमध्येच राहते, भूजलात मिसळत नाही आणि उपसलेही जात नाही. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात रसायन घालावे लागते. आपल्याकडे साधे पाणी पुरते, ही आपली जमेची बाजू.

फायदा किती, हे ढोबळ हिशेबाने पाहू. बाहेर ४३ अंश तापमान असताना हवेत उष्णता टाकणाऱ्या यंत्राला आतला शीतक वायू ५५ अंशांच्या आसपास द्रवरूप करावा लागतो. जमिनीतून ३०-३२ अंशांचे पाणी येत असेल तर तेच काम ४० अंशांच्या आसपास होते. हे तापमान एका अंशाने उतरले की साधारण दोन ते तीन टक्के वीज वाचते, असा या क्षेत्रातला सर्वमान्य अनुभव आहे. पंधरा अंशांच्या फरकाने तिसरा हिस्सा वीज वाचू शकते. त्यातून पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वजा करायची. शिवाय ही बचत ऐन दुपारी, म्हणजे वीजपुरवठ्यावर सर्वाधिक ताण असताना होते, म्हणून तिचे मोल जास्त.

दुसरा फायदा पाण्याचा आहे आणि मराठवाड्यासाठी तो कदाचित पहिला ठरावा. मोठ्या इमारतींमध्ये उष्णता टाकायला कूलिंग टॉवर वापरतात. तिथे पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. एक टन थंडाव्यामागे तासाला साधारण साडेसहा लिटर पाणी असे उडून जाते. शंभर टनांची यंत्रणा दहा तास चालली तर दिवसाला साडेसहा हजार लिटर. क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो, तिथे हे पाणी हवेत सोडणे परवडणारे नाही. जमिनीतल्या बंद नळ्यांना हे पाणी लागत नाही.

इथपर्यंतचे वाचून उत्साह वाटेल आणि वाटावाही. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये जमीन आठ-दहा-बारा अंशांची असते. उन्हाळ्यात तिथले पाणी कॉम्प्रेसर न लावता थेट छतातल्या नळ्यांतून फिरवले तरी खोली थंड होते. आपल्याकडे २७-२८ अंशांच्या पाण्याने हे साधणार नाही. आपल्याला कॉम्प्रेसर लागणारच. जमीन आपल्याला थंडी पुरवत नाही, उष्णता ठेवायला फक्त जागा देते. आणि ही जागा अमर्याद नाही.

या जागेकडे व्यापाऱ्याच्या खतावणीसारखे पाहावे. उन्हाळ्यात जमिनीत सोडलेली उष्णता ही जमा. हिवाळ्यात तिच्यातून काढून घेतलेली उष्णता हा खर्च. थंड देशांत वर्षाअखेर जमा आणि खर्च जुळवणे सोपे असते, म्हणून तिथे जमिनीचे तापमान दशकानुदशके टिकू शकते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे बॉयलर बंद करून सुमारे ३,६०० बोअरची यंत्रणा उभारली. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात या बोअरमधून उष्णता काढली जाते आणि उन्हाळ्यात परत भरली जाते. आपल्याकडे खोल्या गरम करायच्याच नसतात. वर्षभर जमाच जमा होत राहते.

याचा परिणाम किती मोठा, हे साध्या गुणाकाराने कळते. शंभर मीटर खोल बोअर एकमेकांपासून सहा मीटरवर मारले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,६०० घनमीटर खडक येतो. बेसाल्टची उष्णता साठवण्याची क्षमता धरली, तर एवढ्या खडकाचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण २,३०० युनिट उष्णता लागते. अशा एका बोअरवरची एक टनाची यंत्रणा वर्षाला पूर्ण भाराचे १,५०० तास चालली, तर कॉम्प्रेसरची उष्णता धरून साधारण ६,६०० युनिट उष्णता जमिनीत जाते. म्हणजे मोठ्या बोअरक्षेत्राच्या मध्यभागी, जिथून उष्णतेला बाजूला सरकायला वाव नाही, तिथे जमीन वर्षाला जवळपास तीन अंशांनी तापू शकते. चार-पाच वर्षांत ती उन्हाळ्यातल्या हवेइतकी गरम होईल आणि सगळा फायदा संपेल. अंतर दहा मीटर ठेवले तर हीच वाढ वर्षाला एक अंशाच्या आसपास येते. बोअर मोजके आणि एका रांगेत असतील तर उष्णता बाजूच्या जमिनीत पसरते आणि वाढ आणखी मंदावते. भूजल वाहते असेल तर ते बरीच उष्णता वाहून नेते.

हे निव्वळ कागदावरचे भय नाही. न्यू जर्सीतल्या स्टॉकटन कॉलेजने १९९० च्या दशकात ४०० बोअरचे क्षेत्र उभारले. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तरी इमारतींची थंडाव्याची मागणी उष्णतेच्या मागणीपेक्षा जास्त असल्याने जमीन हळूहळू तापत गेल्याचे मोजमापांत दिसले. जिथे बर्फ पडतो तिथे ही स्थिती असेल, तर सोलापुरात हा हिशेब न मांडता बोअर मारणे म्हणजे पुढच्या दशकाची अडचण आजच विकत घेणे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियानाच्या उष्ण आणि दमट प्रदेशात फोर्ट पोल्क ही लष्करी वसाहत आहे. तिथल्या ४,००३ घरांमध्ये १९९० च्या दशकात जमिनीशी जोडलेले हीट पंप बसवले गेले. त्याबरोबर दिवे बदलले, छतांचे उष्णतारोधन केले आणि हीट पंपाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवले. या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणून वसाहतीची वीज सुमारे एक तृतीयांशाने घटली आणि सर्वाधिक मागणीच्या वेळेचा भार सुमारे ४३ टक्क्यांनी उतरला. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की धडा स्पष्ट होतो. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे आहे, यश ठरते ते हिशेबावर.

मग आपण हा हिशेब कसा जुळवायचा?

पहिला मार्ग गरम पाण्याचा. थंडाव्यातून निघालेली उष्णता जमिनीत पाठवण्याआधी तिला काम द्यावे. एक टनाची यंत्रणा तासाभरात टाकते ती सगळी उष्णता पाण्यात उतरवता आली, तर सुमारे १९० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांपर्यंत तापते. रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले, दूध संकलन केंद्रे यांना थंडावा आणि गरम पाणी दोन्ही रोज लागतात. अशा ठिकाणी गीझर किंवा बॉयलरचे बिलही वाचते आणि जमिनीवरचा भारही कमी होतो. माझ्या मते आपल्या हवामानात या तंत्राचा विचार करताना गरम पाण्याची गरज आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

दुसरा मार्ग दख्खनच्या पठाराने आपल्याला दिलेला आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. उष्ण कटिबंध म्हटले की सिंगापूर किंवा बँकॉक डोळ्यांसमोर येते, जिथे रात्रीही हवा फारशी गार होत नाही. आपले पठार तसे नाही. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत खाली येतो. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीतले तीस अंशांचे पाणी अशा रात्री गच्चीवरच्या पंखे लावलेल्या रेडिएटरमधून फिरवले, तर कॉम्प्रेसर न चालवता, फक्त पंप आणि पंख्याच्या विजेवर, जमिनीत जमा झालेली उष्णता काढून घेता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांच्या रात्रींत वर्षाच्या जमेतला चांगला वाटा परत करता येईल, असे गणित सांगते. जमीन मेमध्ये उष्णता घेईल आणि जानेवारीत सोडेल. आपला हिवाळा सौम्य आहे, पण या कामाला तो पुरेसा आहे.

तिसरा मार्ग मिश्र यंत्रणेचा. सगळा भार जमिनीवर टाकायचा नाही. जमिनीने ऐन दुपारचा, सर्वांत महाग भार उचलायचा आणि उरलेला भार हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी किंवा छोट्या कूलिंग टॉवरने घ्यायचा. त्यामुळे बोअरची संख्या आटोक्यात राहते आणि खर्चही.

हे तंत्र कुठे वापरू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे मी या पुस्तकाचे काम मानतो. मुंबईतली उंच व्यापारी इमारत घ्या. हजार चौरस मीटरचा मजला, असे दहा मजले, थंडाव्याची गरज अंदाजे ४०० टन. टनामागे शंभर मीटरचा एक बोअर आणि दोन बोअरमध्ये आठ मीटर अंतर धरले, तर बोअरक्षेत्राला सहा एकरांहून अधिक जागा लागेल. तेवढी जागा तिथे कोणाकडे आहे? त्यात मुंबईला थंड रात्री नाहीत, जमीन २८ अंशांच्या आसपास आणि दिवसाची हवा बहुतेक काळ ३०-३३ अंशांची. फरकच थोडा. किनाऱ्यावरच्या मोठ्या इमारतींना नीट चालवलेला कूलिंग टॉवर अधिक सोयीचा, आणि शक्य तिथे त्याला सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळवलेले पाणी वापरावे. सिंगापूरलाही बऱ्याच अंशी हेच लागू पडते. बँकॉकच्या चुलालोंगकॉर्न विद्यापीठात थायलंड आणि जपानच्या संशोधकांनी या तंत्राचे प्रयोग केले आहेत. दिवसा वापरल्या जाणाऱ्या लहान इमारतींना जमिनीचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांतून पुढे आले. पण लहान इमारतीसाठी खरे ठरते ते मोठ्यासाठी आपोआप खरे ठरत नाही.

विदर्भातल्या घरगुती कूलरशीही या तंत्राची स्पर्धा नाही. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ओल्या ताट्यांमधून येणारा वारा स्वस्तात चांगला थंडावा देतो. पावसाळा आला, हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, आणि शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रयोगशाळा, औषधांचे भांडार यांना तर बाराही महिने नेमके तापमान आणि नेमकी आर्द्रता लागते. म्हणून जमिनीशी जोडलेल्या हीट पंपाची खरी जागा मला पठारावरच्या आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांत दिसते. तिथे आवारात मोकळी जमीन असते, गरम पाण्याची रोजची गरज असते, पाण्याचे दुर्भिक्ष असते आणि इमारती एक-दोन मजली असतात. शासकीय वसतिगृहे आणि कृषी महाविद्यालये यांनाही हेच निकष लागू पडतात.

जमिनीच्या आत कोणता खडक आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. बेसाल्ट उष्णता वाहून नेण्यात ग्रॅनाइटपेक्षा कमी पडतो, आणि सच्छिद्र, गाठाळ थर असतील तर आणखी कमी. म्हणजे बंगळुरू किंवा हैदराबादच्या ग्रॅनाइटी जमिनीसाठी काढलेली बोअरची लांबी आपल्याकडे अपुरी पडू शकते. खर्च वाचवायला एक-दोन मीटर खोल चर खणून आडव्या नळ्या पुरण्याचा मोह होतो. आपल्या काळ्या मातीत तो टाळावा. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते आणि नळीपासून सुटते. नळी आणि माती यांच्यात हवा शिरली की उष्णता पुढे जातच नाही, आणि हे घडते नेमके गरजेच्या महिन्यांत. हवा थेट जमिनीखालच्या बोगद्यांतून नेण्याची पद्धतही आहे. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी इथे टेरी संस्थेच्या ‘रिट्रीट’ संकुलात चार मीटर खोल बोगद्यांतून हवा फिरवली आहे. कोरड्या प्रदेशात ती उपयोगी पडते. कोकणासारख्या दमट हवेत मात्र बोगद्यात पाणी धरून बुरशी वाढण्याची भीती असते.

म्हणून मोठ्या कामाआधी एक चाचणी बोअर मारून त्यात दोन-तीन दिवस ठरावीक उष्णता सोडावी आणि पाण्याचे तापमान कसे चढते ते मोजावे. या ‘थर्मल रिस्पॉन्स टेस्ट’वरून त्या जागेच्या खडकाची क्षमता कळते. चाचणीचा खर्च नको म्हणून अंदाजाने बोअर ठरवणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागात पडणारा काटकसरीपणा आहे.

बोअर मारण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. बेसाल्टमध्ये शंभर-दीडशे मीटर झटपट उतरणाऱ्या गाड्या तालुक्यातालुक्यात आहेत आणि त्या चालवणाऱ्यांना आपल्या भागातला थर नि थर तोंडपाठ असतो. उणीव आहे ती पुढच्या कामाची. पाइपचे सांधे वितळवून एकजीव करणे, दाबाची चाचणी घेणे, पाइप अखंड तळापर्यंत सोडणे आणि पोकळी खालून वर भरत आणणे, हे शिकवणारे अभ्यासक्रम आयटीआयमध्ये सुरू झाले पाहिजेत. पोकळी भरण्यात हयगय झाली तर वरचे घाण पाणी बोअरच्या कडेने थेट खोल भूजलात उतरते. या बोअरमधून पाण्याचा थेंबही उपसला जात नसला, तरी ते जलधरांना छेदून जातात. म्हणून प्रत्येक बोअरची जागा, खोली आणि लागलेले थर यांची नोंद भूजल यंत्रणेकडे व्हायला हवी. ज्या राज्यात विहिरींच्या पाण्यावर गावे जगतात, तिथे याबाबत सवलत नसावी.

आणखी एक गोष्ट, जी यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. इमारतीची उष्णताच कमी केली नाही, तर जमिनीत सोडायला इतकी उष्णता उरते की कोणतेही बोअरक्षेत्र अपुरे पडते. छताला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, खिडक्यांवर छज्जे, भिंतींना उष्णतारोधन, खोल्यांत पंखे, हे उपाय आधी करावेत. भार निम्मा झाला तर बोअरही निम्मे होतात आणि बोअर हाच या यंत्रणेतला सर्वांत मोठा खर्च आहे. खोलीत थंडावा कसा पोचवतो, यालाही महत्त्व आहे. हैदराबादला इन्फोसिसने एकाच इमारतीच्या एका अर्ध्या भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा आणि दुसऱ्या अर्ध्यात छतातल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवण्याची पद्धत बसवली. २०११ पासून चालणाऱ्या या तुलनेत दुसऱ्या भागाची वीज सुमारे एक तृतीयांशाने कमी लागल्याचे दिसले. छतातल्या नळ्यांना सात अंशांचे पाणी लागत नाही, चौदा-सोळा अंशांचे चालते. एका टोकाला असे बेताचे थंड पाणी आणि दुसऱ्या टोकाला जमीन, अशी जोडी जमली तर कॉम्प्रेसरला दोन्हीकडून उसंत मिळते.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले आणि त्यात जमिनीशी जोडलेल्या हीट पंपांनाही स्थान दिले. धोरण आले की अनुदान येते, आणि अनुदान आले की घाई येते. सौर पंपांपासून बायोगॅसपर्यंत अनेक चांगल्या तंत्रांचे घाईने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून या धोरणाखालच्या पहिल्या प्रकल्पांना एक अट असावी. जमिनीत किती उष्णता गेली, किती काढली आणि बोअरक्षेत्राचे तापमान किती झाले, हे निदान दहा वर्षे मोजून सर्वांसमोर मांडले जावे. आपल्या खडकांतली आणि आपल्या हवामानातली अशी मोजमापे हाती आली, तरच पुढची पिढी परक्या ठोकताळ्यांवर विसंबणार नाही.

पुढच्या प्रकरणांत जमिनीची चाचणी, बोअरक्षेत्राची आखणी, गरम पाण्याची जोडणी, हिवाळी रात्रींचा वापर आणि देखभाल यांची माहिती क्रमाने दिली आहे. वास्तुविशारद, अभियंते आणि विद्यार्थी यांच्याबरोबरच रुग्णालयांचे विश्वस्त, वसतिगृहांचे चालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांनाही ती समजावी, असा प्रयत्न आहे. गणित जिथे टाळता आले नाही, तिथे ते उदाहरणासह सोडवून दाखवले आहे.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या इमारतीसाठी ही यंत्रणा घेण्याचा प्रस्ताव कोणी समोर ठेवला, तर पहिल्या वर्षी वीज किती वाचेल, एवढे विचारून थांबू नका. दहाव्या वर्षी जमिनीचे तापमान किती असेल, असे विचारा आणि त्याचा हिशेब कागदावर मागा. जो तो देऊ शकेल, त्याच्याच हाती आपली जमीन सोपवा.